सईच्या सीटबद्दल, आणि आई तुझ्या मांडीबद्दलही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मुलं सुट्टीला तुमच्याकडे येतायत, म्हणून गाडीचा विषय आत्ताच काढते. फोनवर काढला की बाबा "हो हो, बघू" म्हणतात आणि आई दुसरंच काहीतरी विचारते. पत्रात निदान मधेच तोडता येत नाही.

सईच्या सामानात तिची बूस्टर सीट असेल, म्हणजे गाडीच्या सीटवर ठेवून मुलाला उंच बसवायची बैठक. बाबा, मागे तुम्ही म्हणाला होतात, "त्यापेक्षा एक जाड उशी देऊ, तेवढीच उंची होते." तिला खिडकीतून बाहेर दिसावं एवढाच हेतू असता तर उशी चाललीही असती. पण बूस्टर बाहेर बघण्यासाठी नाही, सीट बेल्ट योग्य हाडावर बसावा म्हणून आहे. गाडीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. त्याचा कमरेचा भाग आपल्याला ओटीपोटाखाली, कंबरेच्या हाडाला अडकून धरतो. सहा वर्षांच्या मुलीचं ते हाड अजून पुरतं घडलेलंच नसतं, त्यामुळे जोराचा ब्रेक लागला की पट्टा सरकून पोटावर चढतो. मग सगळा दाब आतड्यांवर आणि मणक्यावर. डॉक्टर १९६२पासून याला 'सीट बेल्ट सिंड्रोम' म्हणतात. उशी तर दाबली जाते आणि खालून निसटते. म्हणजे गरज असते नेमक्या त्याच क्षणी ती जागेवर नसते.

आणखी एक गोष्ट मी सईकडे बघूनच शिकले. बूस्टर नसेल तर ती दोन मिनिटांत पुढे घसरते. आपण म्हणतो, "नीट बस गं." पण तिची मांडीच सीटपेक्षा आखूड आहे. पाठ टेकवून बसली तर पाय समोर सरळ ताठ राहतात, गुडघे दुमडत नाहीत, म्हणून बिचारी पुढे सरकते. ती सरकली की कमरेचा पट्टा पोटावर आणि खांद्याचा गळ्याशी. गळ्याला घासायला लागला की मुलं तो काखेखालून नाहीतर पाठीमागे टाकतात. काखेखालून घेतला तर धक्का बरगड्यांवर येतो. पाठीमागे टाकला तर वरचं अर्धं शरीर मोकळंच. हे दोन्ही सईला जमतं, तेव्हा आरशात मधूनमधून बघत जा.

बसवताना बघायचं ते एवढंच: कमरेचा पट्टा मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे, खाली, खांद्याचा पट्टा गळा आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मधून, पट्ट्याला पीळ नको. तिची सीट बिनपाठीची आहे, म्हणून डोक्यामागे गाडीचा हेडरेस्ट हवा, निदान कानांपर्यंत येणारा. मागच्या मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर ठेवू नका, त्याला खांद्याचा पट्टा लागतोच. आणि सई गाडीत नसली तरी रिकामं बूस्टर पट्ट्याने बांधून ठेवा, नाहीतर ब्रेक मारल्यावर ते मागून तुमच्याच डोक्यात येईल.

आता आई, तू. छोटूला मांडीवर घेऊन मागे बसायचं तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. "मी घट्ट धरीन" हे तुझं वाक्यही मला पाठ आहे. बाबांना हिशोब आवडतो, त्यांच्याकडून तपासून घे: ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. छोटू ११ किलोचा. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्याला जागेवर धरून ठेवायला दीडशे किलो उचलण्याइतका जोर लागेल. तो कोणाच्याच हातात नसतो, आई. प्रेमाचा तिथे काही संबंध नाही. एकाच पट्ट्यात तुम्ही दोघं, हा तर त्याहून वाईट उपाय. तुझ्या वजनाखाली तोच चिरडेल.

त्याची सीट मागे तोंड करून बसवायची आहे, आणि ती पुढे फिरवून "बघ, आता कसा हसतोय" असं करायचं नाही. एवढ्या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मान कच्ची. समोरून धडक बसली तर उलट्या सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकत्र झेलते. पाय दुमडलेले दिसतात, त्याची काळजी नको. मुलं मांडी घालून मजेत बसतात. ही सीट गाडीच्या मागच्या बाकावरच लावा. पुढच्या सीटवर चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच लावायची नाही, तो फुटताना सीटच्या पाठीवरच आदळतो. जाड स्वेटर किंवा जॅकेट घालून पट्टे आवळू नका; कपडा दाबला जातो आणि पट्टा ढिलाच राहतो. पट्टे लावून वरून पांघरूण घाला. बसवून झाल्यावर, पट्टा सीटमधून जातो तिथे धरून जोरात हलवा. बोटाच्या पेरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. बाबा, यात तुम्ही माझ्यापेक्षा काटेकोर आहात, म्हणून हे काम तुमचंच.

"तुम्ही पोरं कुठे बसला होतात सीटमध्ये?" हे येणारच. नव्हतो बसलो. वाचलो, कारण गाडी कधी कशावर आदळली नाही. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोहलीनने १९५९मध्ये आणला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत असे. कंपनीने ते पेटंट इतरांना खुलं केलं. एवढं आयतं मिळालेलं आहे, तर मागे बसणाऱ्यांनीही लावावं. आई, तूसुद्धा. छोटूशेजारी तू पट्ट्याविना बसलीस तर धक्क्यात त्याच्यावर पडणारं सगळ्यात जड ओझं तूच असशील.

सई कुरकुरेल, "आता मी मोठी झाले" म्हणेल. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत, म्हणजे बहुतेक दहा-बारा वर्षांची होईपर्यंत, ती यासाठी मोठी नाही. वयाचा वाद घालू नका, तिच्याशी वादात कोणी जिंकत नाही. पाठ टेकवून, गुडघे सीटच्या काठावर दुमडून, पट्टा वर सांगितल्यासारखा बसवून ती सगळा रस्ता तशी राहू शकते का, एवढंच बघा. कोपऱ्यापर्यंतच जायचं असलं तरी सूट नाही.

बाबा, पहिल्यांदा बसवाल तेव्हा दोघांचे बाजूने फोटो पाठवा. हसरे नसले तरी चालतील, मला पट्टा दिसायला हवा.

तुमची,
ताई