बर्फ काढायची मशीन घेताना ताकदीच्या आधी वजन बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मराठवाड्यातनं परदेशी गेलेल्या पोरांबद्दल अधनंमधनं छापून येतं, कोण कुठल्या कंपनीत लागला, किती पॅकेज मिळालं, वाचून बरं वाटतं. पण तिकडं गेलेली सगळीच काही कंप्युटरपुढं बसलेली नाहीत, कोणी ट्रक चालवायलेत, कोणी गोडाऊनला आहेत, आणि कॅनडात हिवाळ्यात लोकांच्या घरापुढचे फुटपाथ आणि दारापर्यंतची वाट साफ करून द्यायचा धंदापण आपली पोरं करायलेत. ह्या धंद्याची माहिती मराठीत मला तरी कुठं सापडली नाही म्हणून हे पत्र. माझं उदगीरला छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, पावर विडर, ब्रश कटर, फवारणी पंप असलं सगळं येतं. भाचा कॅनडातल्या कॅलगरीला असतो, त्यानं स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून बाजूला फेकणारी मशीन, घ्यायच्या आधी मला विचारलं तेव्हापासनं ह्या मशिनींचे मॅन्युअल वाचायचा नादच लागलाय, आणि तो व्हिडिओ कॉलवर मशीन उघडून दाखवत असतो.

सगळे पहिल्यांदा विचारतात किती एचपीची, किती सीसीची. माझं म्हणणं पहिल्यांदा किलो विचारा. स्वतःच्या घरापुढचा बर्फ काढायचा असेल तर वजनानं काही फरक पडत नाही, शेडमधनं काढली, चालवली, परत ठेवली. धंद्यात तसं नसतंय, एका घरी दहा-पंधरा मिनिटांचं काम, मग मशीन गाडीत चढवा, पुढच्या घरी उतरवा, असं दिवसभर, आणि तेही अंधारात, निसरड्यावर, जाड हातमोजे घालून. जी मशीन एकट्या माणसाला उचलत नाही ती ह्या धंद्याला नको, मग ती कितीही ताकदीची असो.

आता मशिनीचं बघा. दोन मुख्य प्रकार. सिंगल स्टेजमधे पुढं रबराची पाती असलेला एकच रोटर असतो, तोच बर्फ ओढतो आणि तोच वरच्या नळकांड्यातनं बाजूला फेकतो. टू स्टेजमधे पुढं लोखंडी दातेरी स्क्रू बर्फ फोडून आत ओढतो आणि मागं वेगळा पंखा तो लांब फेकतो. टू स्टेज फुटभर बर्फातपण चालते पण वजन नव्वद-शंभर किलोच्या घरात आणि पुढंच, म्हणजे रॅम्प आला, ट्रेलर नाहीतर पिकअप आला. सिंगल स्टेज २१ इंची, म्हणजे एका फेरीत तेवढी रुंद वाट काढणारी, पेट्रोलची साधारण ३५ ते ४२ किलो, हँडल दुमडून व्हॅनमधे बसते. ती सात-आठ इंच बर्फापर्यंत नीट चालते, त्याच्यावर गेलं की दोनदा फिरवा नाहीतर बर्फ पडत असतानाच मधे एक चक्कर मारा.

आणि फुटपाथच्या कामात हलकी मशीन नुसती हलकी म्हणून चांगली असं पण नाही. कॅलगरीत नियम आहे, बर्फ थांबल्यापासनं २४ तासांच्या आत घरमालकानं समोरचा फुटपाथ पार काँक्रीट दिसेपर्यंत साफ करायचा, नाही केला तर महापालिका करते आणि बिल मालकाला लावते. सिंगल स्टेजची रबरी पाती जमिनीला घासत जातात त्यामुळं खाली काँक्रीट उघडं पडतं. टू स्टेज खाली बसवलेल्या पट्ट्यांवर जमिनीपासनं जरा उचलून चालते, म्हणून पातळ थर मागं राहतो, तो पायानं दबला की त्याचा काच झाला आणि मग खरवडत बसा. उलट खडीची वाट असेल तर सिंगल स्टेज तिथं घालायचीच नाही, खडे उचलून लोकांच्या काचांवर मारेल.

शहर कुठलं तेपण बघावं लागतं. कॅलगरीचा बर्फ बहुतेक वेळा कोरडा, भुसभुशीत, वर्षाला सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास पडतो. ताज्या कोरड्या बर्फाचा एक घनमीटर पन्नास ते शंभर किलोचा, तोच ओला झाला की दोनशे-तीनशेच्या वर जातो, आणि मशिनीचं नळकांडं तिथंच तुंबतं. हॅलिफॅक्ससारख्या समुद्राकाठच्या गावात ओला बर्फ जास्त, तिथं हलक्या मशीनवर सगळा धंदा टाकू नये. कॅलगरीला शिनूक म्हणून गरम वारं सुटतं, एका दिवसात बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी गोठून फुटपाथवर काच तयार होते, त्याला कुठलीच ब्लोअर चालत नाही, तिथं मीठ आणि खोरं. साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली गेलं की काम करत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड लागतं.

बॅटरीची घ्यावी का पेट्रोलची हा भाच्याचा मोठा प्रश्न होता. बॅटरीच्या १८ इंचीत पंधरा-वीस किलोच्या मशिनी मिळतात, आवाज कमी, पहाटे शेजारी ओरडत नाहीत. पण थंडीत बॅटरीचा दम कमी होतो, आणि लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्जिंगला लावायची नसते, ती खराब होते, म्हणजे गाडीत हिटरपाशी ठेवा, जादा जोड्या बाळगा, आणि त्या जोड्यांचीच किंमत मशिनीला टेकते. पाच-सात घरं असतील तर बॅटरी बरी, वीस-पंचवीस असतील तर फोर स्ट्रोक पेट्रोल. पायऱ्यांना आणि ओट्याला वेगळी छोटी पावर शॉवेल, म्हणजे हातात धरून चालवायचं मोटरचं खोरं, मिळते, बारा इंची, सहा-सात किलोची, ती बॅटरीवरच घ्यावी. भाच्यानं शेवटी अशीच जोडी घेतली, २१ इंची पेट्रोल सिंगल स्टेज आणि एक पावर शॉवेल. चार-पाच फुटांचा फुटपाथ तीन फेऱ्यांत निघतो.

त्याच्याच ओळखीच्या आपल्याकडच्या एका पोरानं दुकानदाराच्या सांगण्यावरनं थेट २८ इंची टू स्टेज उचलली, जन्मभर टिकेल म्हणून. मशीन चांगलीच आहे पण ती न्यायला ट्रेलर लागला, ट्रेलर ओढायला दुसरी गाडी लागली, आणि हप्ते सुरू झाले तरी गिऱ्हाइकं तेवढीच. घरी शेत विकून पाठवलेलं पोरगं आहे हो ते. मला हे फार लागलं.

घेताना काही बारीक गोष्टी, दुकानदार स्वतःहून सांगत नाही. बटणस्टार्ट लिहिलं म्हणजे आत बॅटरी असते असं नाही, बऱ्याच सिंगल स्टेज पेट्रोल मशिनींना घरच्या प्लगातनं १२० व्होल्टची वायर लावून सुरू करावं लागतं, ती गिऱ्हाइकाच्या दारात कुठं लावणार, म्हणून दोरी ओढून सहज चालू होते का ते दुकानातच बघा. रबरी पाती झिजतात, काही कंपन्या रबरातच एक छोटं भोक ठेवतात, झीज त्या भोकापर्यंत आली की पाती बदलायची. भाच्यानं मागच्या हिवाळ्याच्या शेवटी कॅमेऱ्यापुढं धरून दाखवली तर कड एकीकडनं जास्त खाल्लेली, म्हणजे हँडल एका बाजूला दाबून चालवायची सवय, ते मी इथनं सांगितलं. पाती आणि खालची खरवडपट्टी शहरातच मिळते का ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑइल 5डब्ल्यू-30 नाहीतर त्याहून पातळ. आणि हिवाळा संपला की टाकी नि कार्बोरेटर रिकामा करा, पेट्रोलातलं इथेनॉल ओल धरतं, माझ्याकडं सीझनच्या सुरवातीला येणाऱ्या निम्म्या मशिनी ह्याच एका कारणानं बंद पडलेल्या असतात.

आता सगळ्यात जिवाचं. ह्या मशिनीचा उगमच मळणीत आहे. क्यूबेकमधल्या आर्थर सिकार्ड नावाच्या माणसानं मळणी यंत्र बघून ही कल्पना उचलली आणि १९२५ ला पहिली बर्फ फेकणारी गाडी बनवली. आपल्याकडं सोयाबीन-तुरीच्या सुगीत हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, हात गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत, कशामुळं, तर मशीन तुंबली आणि चालू असताना हात घातला. स्नो ब्लोअरमधे अगदी तेच होतं. ओल्या बर्फानं नळकांडं तुंबलं की पोरं घाईत हात घालतात, इंजिन बंद केलं तरी आत ताण अडकलेला असतो, बर्फ सुटला की पातं अर्धा फेरा मारतं, तेवढ्यात बोटं जातात. मशिनीसोबत प्लास्टिकची काठी येते ती ह्याच्यासाठीच. इंजिन बंद, पातं थांबलेलं बघा, मग काठीनंच काढा, हात कधीच नाही. तसंच बंद गॅरेजमधे इंजिन चालू ठेवू नका, धूर माणूस मारतो.

विमा घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात काम करू नका, कोणी घसरून पडलं तर दावा लागतो. आणि जे स्टडी परमिटवर, म्हणजे शिकायच्या परवान्यावर, आहेत त्यांनी हेपण लक्षात घ्या, कॉलेज चालू असताना बाहेरचं काम आठवड्याला २४ तासच चालतं, स्वतःचा धंदापण त्यातच धरतात.

संपादक साहेब, दोन गोष्टींची विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम तरी असल्या हातच्या कामाच्या माहितीला द्या, तिकडं काम करणारी पोरंच लिहून पाठवतील, भाचा तयार आहे. आणि दुसरी, आपल्या भागातल्या आयटीआयमधे छोट्या पेट्रोल इंजिनचं काम नीट हाताला बसेल एवढं शिकवावं ह्यावर आपण लिहा. कार्बोरेटर खोलता येणारं पोरगं उदगीरला राहिलं तरी पोट भरतं, कॅलगरीला गेलं तरी भरतं.

आपला,
एक नियमित वाचक
उदगीर, जि. लातूर