०.०५ आणि ०.५ : शिक्षणमंत्र्यांना वाळूजहून एक पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांसी
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ (आकडे भरून चालवायची कातकामाची यंत्रं), चौदा माणसं. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना आम्ही माल देतो, म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात लहान मडकं. वीज, रस्ते, थकलेली बिलं यांसाठी आजवर बरीच पत्रं लिहिली. तुमच्या खात्याला पहिल्यांदाच लिहितोय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीत एका शाफ्टचा व्यास ०.०५ मिलिमीटर जास्त येत होता. असं होतं, टूल झिजतं. ऑपरेटरनं ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या दुरुस्तीच्या आकड्यात, तेवढं कमी करायचं आणि पुढे जायचं. आमच्या पोरानं ०.०५ ऐवजी ०.५ कमी केलं. मग 'गो' गेज, म्हणजे शाफ्ट जास्त जाड नाही ना ते सांगणारं माप, लावून पाहिलं, ते सहज गेलं, म्हणून जॉब बरोबर आहे असं समजून सकाळपर्यंत मशीन चालवलं. शाफ्ट जास्त बारीक नाही ना ते सांगणारं 'नो-गो' लावलंच नाही. सकाळी ट्रेमध्ये शेहेचाळीस शाफ्ट, सगळे अंडरसाइज. जास्त राहिलेलं लोखंड पुन्हा कातता येतं, कमी झालेलं परत चिकटवता येत नाही. माल भंगारात गेला.

मी ओरडलो, ते सांगत नाही. नंतर कागदावर दोन्ही आकडे लिहून विचारलं, यातला मोठा कोणता? पोरगा म्हणाला, "सर, ०.०५ मोठा. त्यात आकडे जास्त हायेत ना."

दहावीला ७८ टक्के. आयटीआय पास. कामाला वाघ, निर्व्यसनी, कधी दांडी नाही. बीड जिल्ह्यातला, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिसरीपासून सहावीपर्यंत तो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आईबापांच्या कोयत्यासोबत (ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात) साखर कारखान्यावर जायचा आणि उन्हाळा लागला की परत यायचा. अपूर्णांक आणि दशांश वर्गात शिकवले जायचे तेव्हा हा उसाच्या फडावर धाकट्या बहिणीला सांभाळत असे. हजेरीपटावर मात्र तो वर्गातच होता आणि दरवर्षी वर चढत गेला. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृह मंजूर होतं म्हणे, पण ते सुरू होईपर्यंत तोडणीची टोळी निघून गेलेली असायची.

साहेब, आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. पहिल्या ऑपरेशनला सापडलेली चूक चहाच्या पैशात सुटते. तीच पाचव्या ऑपरेशनला सापडली तर तोवरची सगळी मजुरी, वीज, टूल पाण्यात. आणि गिऱ्हाइकाच्या लाइनवर सापडली तर ऑर्डर जाते. म्हणून आम्ही कच्चा माल आला की तपासतो, मधे तपासतो, शेवटी तपासतो. तुमच्या खात्यात खरी तपासणी थेट दहावीला होते, आणि मराठवाड्यात काही केंद्रांवर तीही कशी होते ते आपण दोघंही जाणतो. कॉपीमुक्तीचं अभियान दरवर्षी राबवावं लागतं, यातच सगळं आलं.

हा दोष एकट्या बीडचा नाही. मुलांना वाचन-गणित किती येतं ते तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. हे तिसरी-चौथीचं गणित आहे. निम्म्याहून जास्त मुलं त्यावाचून नववीत जातात, आणि त्यातलीच काही पुढे आमच्या मशीनवर येतात.

आता सरकारच्या आवडत्या विषयाकडे येतो. २०२४ साली आमच्या जवळच्या बिडकीन औद्योगिक वसाहतीसाठी टोयोटा किर्लोस्करशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार झाला. आनंदच आहे. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हा आसपासची शेतकऱ्यांची पोरं कामगार झाली, माझे वडील त्यातलेच. पण तेव्हाचं काम हातात होतं, उस्तादाच्या शेजारी उभं राहून दोन वर्षांत यायचं. आजचं काम आकड्यात आहे. ड्रॉइंग वाचता आलं नाही तर हात कितीही चांगला असो, तो पॅकिंगलाच लागतो. कारखाना आपल्या जमिनीवर, मशीन लावून देणारे सेटर आणि प्रोग्रॅमर बाहेरचे, आणि आपली पोरं कंत्राटावर हेल्पर, असं चित्र बिडकीनला नको असेल तर त्याची तयारी आज तिसरीत बसलेल्या मुलांपासून करावी लागेल.

(वडील सातवी पास. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ, इंचाचे भाग मनातल्या मनात काढायचे. पण जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दोन्ही बहिणींनी शाळेचं तोंड पाहिलं नाही.)

गिऱ्हाइकाचा परचेसवाला हल्ली भाव करताना व्हिएतनामचं नाव घेतो. तिथला माल स्वस्त, शिवाय रिजेक्शन कमी, असं त्याचं म्हणणं. पटेना म्हणून मी थोडं वाचलं. २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात ५११ गुण मिळाले. श्रीमंत देशांची सरासरी होती ४९४. त्यांच्याकडे शाळा सुटलेली बरीच मुलं त्यात मोजली गेली नव्हती, तेवढी सूट द्यायला हवी. तरी तो तेव्हा काही श्रीमंत देश नव्हता. आपल्याकडून त्याआधीच्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले आणि तळाशी राहिले. त्यानंतर आपण चाचणीलाच जायचं सोडलं. गेज नापास करतंय म्हणून गेज कपाटात ठेवून देण्याचा हा प्रकार. हनुशेक आणि वोसमन या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांचे आकडे तपासून दाखवलंय की मुलं किती वर्षं शाळेत गेली यापेक्षा त्यांना प्रत्यक्षात काय आलं, याच्याशी देशाच्या वाढीचा जास्त संबंध असतो. आम्हाला हे भंगाराच्या ट्रेमध्ये दिसतं.

मागणी मोठी नाही. स्मार्ट टीव्ही नकोत, आहेत तेच खोक्यात पडलेत. दर केंद्रातली, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातली, तिसरीची आणि पाचवीची थोडी मुलं दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासा आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा. मात्र कमी आकडा दिला म्हणून गुरुजींना नोटीस काढू नका. नोटिशीची भीती घातली की सगळी शाळा कागदावर प्रगत होते. माझ्याही वर्कशॉपमध्ये मी रिजेक्शनचे पैसे पगारातून कापायचो, तेव्हा पोरं खराब जॉब गुपचूप भंगारात लपवायची. कापणं बंद केलं तेव्हा खरा आकडा कळला, आणि लाज वाटली. गुरुजींची जनगणना, मतदारयाद्या, रोजची ऑनलाइन माहिती यांबद्दल आपल्याला सगळे सांगतातच, मी पुन्हा सांगत नाही.

त्या पोराला मी कामावरून काढलं नाही. दशांश समजावताना आधी रुपये-पैशांचं उदाहरण घेतलं. पाच पैसे, पन्नास पैसे. तो नुसता बघत राहिला, त्यानं पाच पैशांचं नाणं कधी पाहिलंच नव्हतं. मग उसाच्या वजनाचं विचारलं. ०.०५ टन म्हणजे किती, ०.५ टन म्हणजे किती? क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पन्नास किलो, आन् अर्धा टन. अर्धा टन कमी धरला तर आई मुकादमाला सोडायची न्हाई." पंधरा मिनिटं लागली. त्यानंतर त्याच्या हातून तशी चूक झालेली नाही.

त्याचा धाकटा भाऊ यंदा चौथीत आहे. आईबाप दसऱ्यानंतर निघतील. त्यांच्या गावचं वसतिगृह त्याआधी सुरू होईल का, तेवढं कळवावं.

आपला,
वाळूजचा एक लघुउद्योजक