जर्मनीच्या पानावर आपली पोरं जाणार ते राज्यच नाही!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही जर्मनीवर सामान्यज्ञानाचं अख्खं पान दिलंत, छान वाटलं, आमच्याकडे ते कापून फ्रिजला लावलंय. पण एक उत्तर खटकलं आणि एक गोष्ट त्याहून जास्त खटकली, म्हणून हे पत्र.

आधी उत्तराचं. जर्मनीतली सर्वांत लांब नदी कुठली, तर तुम्ही छापलंय डॅन्यूब. डॅन्यूब मोठी आहेच हो, पार काळ्या समुद्रापर्यंत साधारण २८५० किमी जाते, पण तिचा जर्मनीतला भाग साडेसहाशे किमीच्या आसपासच आहे, आणि ऱ्हाईन एकूण लांबीत तिच्या निम्म्याहून कमी असली तरी त्यातली ८६५ किमी एकट्या जर्मनीत वाहते, म्हणजे "जर्मनीतली" विचारलं तर उत्तर ऱ्हाईन. एमपीएससीवाली पोरं तुमचं पान जपून ठेवतात म्हणून सांगितलं.

आता दुसरी गोष्ट. एवढे प्रश्न, त्यात बर्लिन आहे, भिंत आहे, बीएमडब्ल्यू आहे, फुटबॉल आहे, हिटलर तर वेगवेगळ्या प्रश्नांत फिरून फिरून येतोय, आणि बाडेन-वुर्टेमबर्गचं नावसुद्धा नाही! अहो २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला तो जर्मनीतल्या याच राज्याशी. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत जर्मनच्या क्लासेसचे बोर्ड लागलेत, आमच्या सोसायटीतली एक मुलगी नर्सिंग करून आता बी वन या जर्मन भाषेच्या परीक्षेची तयारी करतेय, रोज संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या मारत डेर डी डास चालू असतं, आणि परवा तिने मला लिफ्टमध्ये विचारलं, काका, स्टुटगार्ट बर्लिनच्या जवळच असेल ना? याच राज्याची राजधानी ती, बर्लिनपासून रस्त्याने सहाशे किमीच्या वर आहे म्हटलं बाई. यात तिची काही चूक नाही, आपल्याकडे जर्मनी म्हणजे बर्लिन हेच डोक्यात बसलेलं असतं, क्लासवाले व्याकरण घोटून घेतात आणि बाकीचं पेपरने सांगायचं तर पेपर पुन्हा बर्लिनच सांगतो.

जर्मनीत १६ राज्यं आहेत. शाळेचा अभ्यासक्रम, पोलीस, बऱ्याचशा सुट्ट्या हे सगळं राज्याच्या हातात, ६ जानेवारीला स्टुटगार्टमध्ये सुट्टी आणि बाजूच्या हेसेन राज्यात फ्रँकफुर्टमध्ये ऑफिस चालू, असा प्रकार. बाडेन-वुर्टेमबर्ग खाली नैऋत्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला लागून. लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या पुढे, म्हणजे पालघर वेगळा व्हायच्या आधीच्या आपल्या ठाणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत होती साधारण तेवढीच, फक्त जागा जवळजवळ चौपट. लोकलला लटकणाऱ्याला एवढ्यावरून काय तो अंदाज येईल.

आणि तुमची ती डॅन्यूब याच राज्यात सुरू होते. ब्लॅक फॉरेस्टमधून ब्रिगाख आणि ब्रेग असे दोन ओढे येतात, डोनाउएशिंगन गावाजवळ मिळतात आणि तिथून पुढे डॅन्यूब. पण खरी गंमत त्याच्या थोडं पुढे, इमेंडिंगन नावाच्या गावापाशी. तिथे नदीचा तळ चुनखडीचा, भेगा पडलेला, आणि नदी चक्क जमिनीत जिरते. उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्रात नुसते गोटे, लोक पात्रातून चालत जातात. मग पाणी जातं कुठे? तर दक्षिणेला साधारण १२ किमीवर आख नावाच्या गावी एक मोठा झरा आहे, जर्मनीतला सर्वांत मोठा झरा मानतात त्याला, आणि तिथलं पाणी बोडन सरोवरात जाऊन ऱ्हाईनला मिळतं. म्हणजे काळ्या समुद्राला निघालेलं पाणी जमिनीखालून वाट बदलून उत्तर समुद्राला पोचतं!

पण हे तेच पाणी कशावरून, असा वाद बरीच वर्षं होता, कारण दोन्हीकडे पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आणि कारखाने होते. शेवटी १८७७ साली कार्ल्सरूहच्या प्रोफेसर क्नोप यांनी इमेंडिंगनला नदीत २० टन मीठ, १२०० किलो वासाचं खनिज तेल आणि १० किलो फ्लोरेसिन ओतलं आणि साधारण ६० तासांनी आखच्या झऱ्याला हिरवंगार चकाकणारं, खारट, तेलाची चव असलेलं पाणी आलं. विषय संपला. मी ठाणे-बेलापूर रोडवर रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी केली त्यामुळे मला यातलं फ्लोरेसिन जास्त जवळचं. चिमूटभर टाकलं तरी बादली पेटल्यासारखी हिरवी दिसते. (आमच्या एमआयडीसीच्या नाल्यात रंगीत पाणी बघायला कुठल्या प्रोफेसरची गरज नव्हती तो भाग वेगळा.) हा रंग १८७१ मध्ये पहिल्यांदा बनवला आडोल्फ फॉन बायर या जर्मन केमिस्टने, म्हणजे क्नोपने वापरला तेव्हा अगदी ताजा माल होता, आणि आज डायबिटीसवाल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढताना हाताच्या शिरेतून देतात तो पिवळा डायही हाच. याच बायरने कृत्रिम नीळ कशी बनवायची ते शोधलं, पुढे १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन केमिकल कंपनीने ती बाजारात आणली आणि बिहारच्या निळीचा भाव कोसळला, मग मळेवाल्यांनी त्याचा भार कुळांवर टाकला, त्यातून १९१७ चं चंपारण. तुमच्या पानावर बीएएसएफ आहे, नुसतं मुख्यालय कुठे एवढंच. त्यापेक्षा हा प्रश्न नसता का चालला?

बरं नदीकडे परत येतो. पाणी तेच हे सिद्ध झालं म्हणून भांडण मिटलं का, तर नाही, उलट पेटलं. कारण जिरतं ते बाडेनच्या हद्दीत, फायदा होतो तोही बाडेनमधल्या आखला, आणि कोरडी पडते ती खालच्या वुर्टेमबर्गमधल्या टुटलिंगनची नदी. तेव्हा ही दोन वेगळी राज्यं. कृष्णेच्या पाण्यावरून आपलं आणि कर्नाटकाचं जसं चालतं तसं हे चाललं आणि १९२७ मध्ये जर्मनीच्या राज्यांमधले वाद बघणाऱ्या कोर्टासमोर आलं. कोर्ट म्हणालं की निसर्गाने जेवढं पाणी जिरतं तेवढं वुर्टेमबर्गने सोसायचं, ते अडवायचं नाही, पण बाडेननेही बांध वगैरे घालून मुद्दाम जास्त जिरवायचं नाही. नद्यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात हा निकाल अजून दाखल्याला देतात.

आणि मग १९५२ मध्ये काय झालं, तर या भांडणाऱ्या दोन जुन्या राज्यांचा मुलूख एकत्र करून एकच राज्य केलं, तेच हे जोडनावाचं बाडेन-वुर्टेमबर्ग! दक्षिण बाडेनवाले तयार नव्हते, १९५१ च्या मतदानात तिथे बहुमत विरोधात गेलं होतं, तरी एकूण बेरजेत विलीनीकरण झालं. मग ते कोर्टात गेले, आणि १९७० ला बाडेनमध्ये पुन्हा मत घेतलं तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले आता राहू दे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ बघितलेल्या पिढीला आणि बेळगाव अजून मनात असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मला तर वाटतं जर्मनी समजायला हिटलरपेक्षा ही भानगड जास्त उपयोगी आहे, कारण तो देश मुळात शेकडो छोट्या संस्थानांचा, आपल्याकडे पटवर्धनांची सांगली मिरज जमखंडी होती तसला सगळा पसारा, १८७१ ला बिस्मार्कने कसाबसा एका छत्राखाली आणला, आणि जुनी नावं, जुने रुसवे अजून तिथेच आहेत. जुन्या वुर्टेमबर्गातल्या स्टुटगार्टचा माणूस आणि जुन्या बाडेनमधल्या कार्ल्सरूहचा माणूस एकमेकांना टोमणे मारतात ते यामुळे.

हिटलर नकोच असं मी म्हणत नाही. पण घ्यायचाच तर याच राज्यातला गेओर्ग एल्झर पण घ्या. साधा सुतार, कुठल्या मोठ्या पक्षाचा पुढारी नाही, काही नाही. म्यूनिकच्या ज्या बिअर हॉलमध्ये हिटलर दरवर्षी भाषण करायचा तिथे हा माणूस रात्री लपून राहायचा, महिनाभराहून जास्त रात्री गुडघ्यांवर बसून भाषणाच्या जागेमागचा खांब पोखरायचा, भुसा नि चुरा भरून बाहेर न्यायचा, आणि आत स्वतः बनवलेला घड्याळाचा बॉम्ब ठेवला. ८ नोव्हेंबर १९३९. धुक्यामुळे विमान रद्द झालं, हिटलरला रेल्वे पकडायची होती म्हणून भाषण लवकर उरकलं आणि बॉम्ब फुटायच्या १३ मिनिटं आधी तो निघून गेला. आठ माणसं मेली, तो वाचला. एल्झरला त्याच संध्याकाळी कॉन्स्टान्झला स्विस हद्दीपाशी पकडलं, आणि युद्ध संपायला महिना असताना एप्रिल १९४५ मध्ये डाखाउच्या छळछावणीत मारलं. हिटलरविरोधात पत्रकं वाटणारी सोफी शोलसुद्धा इथलीच, उल्ममध्ये वाढलेली.

गाड्यांबद्दल तुम्ही कार्ल बेन्झ आणि १८८६ एवढं दिलंय, ठीक. पण ती गाडी लांबवर चालते हे जगाला दाखवलं त्याच्या बायकोने, बेर्टाने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बसवून मानहाइमवरून निघाली ती थेट पोर्झहाइमला माहेरी, शंभर किमीच्या वर. पेट्रोल पंप तेव्हा कुठला, वाटेत वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण घेऊन टाकीत ओतलं, इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. ही सगळी गावं याच राज्यात.

आणि मादाम कामांनी परदेशात आपला झेंडा फडकवला तो २२ ऑगस्ट १९०७ ला, स्टुटगार्टमध्येच. तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. हे तरी यायला हवं होतं हो! आपल्या खंडोबा नि धनगरांवर आयुष्य घालवलेले गुंथर सोंथायमर हेही याच राज्यातल्या हायडेलबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापक होते, त्यांच्याबद्दल जेजुरीकडच्या जुन्या लोकांना विचारा.

जाणाऱ्या पोरांच्या कामाची गोष्ट म्हणाल तर श्वाबेन भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपास, बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी असते. आठवड्याची पाळी ज्याची त्याच्या दारावर पाटी लटकते, झाडलं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तर सेक्रेटरी सोडून सगळे हसले. पण तिथे ते हसण्यावारी नेत नाहीत, त्यामुळे आधी माहीत असलेलं बरं.

तर विनंती एवढीच की ऱ्हाईनची दुरुस्ती छापा, आणि जमलं तर बाडेन-वुर्टेमबर्गवर अर्धं पान वेगळं द्या. सोबत नकाशा असेल तर जरा मोठा द्या, मागच्या वेळी चष्मा लावूनही राज्यांच्या सीमा दिसल्या नाहीत.

आपला,
एक निवृत्त वाचक, ऐरोली, नवी मुंबई