मान वाकडी झाली म्हणजे मानमोडीच असं नाही

महोदय,

विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमची कवडी कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसून सोळा दिवस झाले होते, खाली अकरा अंडी. सकाळी डालगं उचललं तर तिची मान पिळल्यासारखी फिरलेली, चोच आढ्याकडे. दचकली की डोकं पायांत जाई आणि ती जागच्या जागी गरगर फिरे. दाणा टिपायला जाई तो दोन बोटं बाजूला चोच पडे. झोपली की मान आपोआप सैल व्हायची, हे मला नवल वाटलं.

शेजारच्या वहिनींनी बघताक्षणी निकाल दिला. ‘मानमोडी हाय ती. आजच कापा, नायतर सगळं खुराडं जाईल.’ आमच्या ह्यांनी तर वड्यांच्या पिठाची चौकशी केली. आजारी कोंबडी मी खाणारही नव्हते आणि खाऊ देणारही नव्हते.

वहिनींची भीती मात्र खोटी नव्हती. मानमोडी म्हणजे राणीखेत. हा रोग आपल्याकडे १९२७ साली कुमाऊँतल्या राणीखेतला सापडला, म्हणून ते नाव. आमच्याकडचं नाव ‘मानमोडी’, आणि माझी आजी १९१८ च्या तापाच्या साथीलाही मानमोडीच म्हणायची. हा शब्द निघाला की माणसं पुढचं ऐकतच नाहीत.

मी कवडीला पडवीत दूर, अंधारात, दुसऱ्या डालग्याखाली ठेवलं. तिला हात लावला की साबणाने धुवायचा, कारण राणीखेतने माणसाचेही डोळे येतात. मग मुलाकडून व्हिडिओ काढून तालुक्याच्या पशुवैद्यकांना पाठवला. त्यांनी उलट प्रश्नच विचारले. बाकीच्या आठ कशा आहेत? हिरवी विष्ठा? घशात घरघर? पाय लुळा? कुठे आपटली का? आणि शेवटी, रवणीवर तिला खायला काय घालता?

तिथे मी सापडले. बाकीच्या कोंबड्या दिवसभर परसात गवत, किडे, उकिरडा उकरतात. खुडूक कोंबडी जागची हलत नाही, म्हणून तिच्यापुढे मी पत्र्याच्या डब्यातला भाताचा कोंडा ठेवत होते. तो उन्हाळ्यात गिरणीतून आणलेला. पावसाळाभर झाकण लावून ठेवलेला कोंडा हुंगला तर खवट तेलाचा वास! कोंड्यात तेल असतं, ते खवटलं की त्यातलं ई जीवनसत्त्व नासतं, आणि ते कमी पडलं की पक्ष्याचा मेंदू बिघडून मान फिरते, असं डॉक्टरांनी सांगितलं. बी-वन कमी पडलं तरी, कानात पू झाला तरी, डोक्याला मार लागला तरी मान वाकडी होते. बाकीच्या आठ ठणठणीत आहेत तोवर थांबून बघा, एक जरी मलूल झाली तर लगेच कळवा, म्हणाले.

कोंडा खड्ड्यात पुरला. ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल सुईने टोचून त्यांनी सांगितले तेवढेच थेंब रोज, शिवाय त्यांनी दिलेलं बी-कॉम्प्लेक्स. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि मऊ भात, तोही भरवून. जुन्या पंचात पंखांसकट गुंडाळून मांडीवर घ्यायचं, डाव्या हाताने मान हलकेच आधाराला धरायची, ओढून सरळ करायची नाही. पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने. चोच उघडून ओतलं तर जिभेमागेच श्वासाची वाट असते, तिकडे जाऊन कोंबडी गुदमरते. मी पहिल्या दिवशी ती चूक केली. खोकली बिचारी, वाचली. झोपताना मानेखाली फडक्याची गुंडाळी.

पाच दिवस काही फरक नव्हता. सहाव्या दिवशी वाटीतला दाणा तिने स्वतः टिपला. तीन आठवड्यांनी मान सरळ झाली. आता दचकली तर थोडी कलते, एवढंच. अंडी पहिल्याच दिवशी वहिनींच्या खुडूक कोंबडीखाली सरकवली होती. त्यातली सहा फुटली, ती पिल्लं त्यांच्याच अंगणात आहेत आणि कवडीला ओळखतही नाहीत.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. खरीच मानमोडी असती तर औषध नव्हतं. तिच्यावर आधीच लस देऊन ठेवणं हाच उपाय. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात लासोटा लसीचा थेंब, दोन महिन्यांची झाली की आर-टू-बी लसीची सुई. माझ्या कोंबड्यांना यातलं काही झालेलं नव्हतं. मागे विचारायला गेले तेव्हा ‘नऊ कोंबड्यांसाठी कुपी फोडता येत नाही’ असं उत्तर मिळालं. तेही चूक म्हणता येत नाही. कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, आणि एकदा कालवली की बर्फात ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते.

एकदा वाडीत लसीकरण ठेवलं होतं, सकाळी अकराला. अकराला कोंबड्या खुराड्यात असतात का? साडेसहाला सुटतात त्या दिवेलागणीलाच परततात. पोरांनी तासभर धावून सात धरल्या, बाकीची लस वाया गेली, आणि ‘ग्रामस्थांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडला.

तरी पशुसंवर्धन खात्याला आपल्या वृत्तपत्रातून एवढं कळवावं, की गावठी कोंबड्यांची लस संध्याकाळी सातनंतर ठेवा, नाहीतर पहाटे खुराडी उघडण्याआधी. आमच्या वाडीत चौदा घरं आणि सव्वाशेच्या आसपास कोंबड्या आहेत, म्हणजे शंभराची एक कुपी पुरणारही नाही. बॅटरी आणि बर्फाचा डबा मी धरीन.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. लांजा, जि. रत्नागिरी