पोर्तो पायीच पाहावे, जुनी टाइल विकत घेऊ नये

संपादक महोदय,

पोर्तुगालच्या सहलीत पोर्तो शहराच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. दोरु नदीत बोटीची फेरी, पलीकडच्या काठावरची वाइनची तळघरे, की लगेच बस लिस्बनच्या रस्त्याला. पण या शहराचे खरे वैभव भिंतींवर आहे. आझुलेजो, म्हणजे झिलई दिलेल्या रंगीत टाइल्स, बसच्या काचेतून कळत नाहीत. त्या हाताच्या अंतरावरून पाहायच्या असतात. जाणाऱ्यांनी एक सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात बोल्यांव मेट्रो स्टेशनपासून करावी. बाहेर पडताच कापेला दास आल्मास हे छोटे चर्च लागते. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर १५,९४७ टाइल्स आहेत. निळी-पांढरी चित्रे अठराव्या शतकातली वाटतात, पण ती १९२९ सालची आहेत; जुन्या शैलीत मुद्दाम काढलेली. तिथून सांता कातारिना रस्त्याने सरळ चालत गेले की बाताल्या चौकात सांतु इल्देफोन्सु चर्च येते. त्याच्या दर्शनी भागावर जॉर्ज कोलासो या चित्रकाराच्या सुमारे ११,००० टाइल्स आहेत, १९३२ सालच्या. मग ३१ जानेवारी नावाचा तीव्र उताराचा रस्ता उतरून साओ बेंतो रेल्वे स्टेशन. उलट दिशेने गेल्यास हाच उतार चढ होतो, म्हणून हा क्रम सांभाळावा.

साओ बेंतोच्या दालनात जायला तिकीट लागत नाही. इथल्या सुमारे २०,००० टाइल्सही कोलासोंच्याच. १४१५ मधल्या, उत्तर आफ्रिकेतल्या सेउता शहरावरच्या पोर्तुगीज विजयाचे चित्र सगळे पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. मान आणखी वर केली तर निळ्या चित्रांच्या वरचा रंगीत पट्टा दिसतो. त्यात वाहतुकीचा इतिहास रंगवला आहे. गोव्याच्या वाचकांना हा हात ओळखीचा वाटावा. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यावरची टाइलचित्रे कोलासोंचीच आहेत, १९३५ सालची. पोर्तोला जाण्याआधी ती नीट पाहून घ्यावीत.

स्टेशनपासून क्लेरिगुश मनोऱ्याकडे चढ आहे. त्याच्या पुढे कार्मु चर्चची बाजूची भिंत, १९१२ सालची. ती पूर्वेकडे तोंड करून असल्याने सकाळी थेट उन्हात झिलई चमकते आणि रेषा पुसट होतात. दुपारनंतर भिंत सावलीत गेली की चित्र स्पष्ट वाचता येते. ही सगळी चाल दोनेक किलोमीटरची. पाऊस असेल तर रबरी तळव्याचेच बूट घालावेत, फरसबंदीचे गुळगुळीत दगड फार निसरडे होतात.

चर्चपेक्षाही जास्त वेळ साध्या घरांना द्यावा. एकोणिसाव्या शतकात इथे घरांचे दर्शनी भाग टाइल्सने मढवायची पद्धत रुजली. पोर्तोची खासियत म्हणजे उठावाची टाइल, तिची नक्षी पृष्ठभागातून वर आलेली असते. तिरप्या उन्हात प्रत्येक पाकळीची सावली पडते. टाइल साधारण १४ सेंटिमीटर चौरस असते. पुष्कळ नक्ष्यांत चार टाइल्स फिरवून लावल्या की मध्ये एक फूल पूर्ण होते. दुरुस्तीत एक जरी उलटी बसली तरी फूल मोडते. नीट पाहिले तर अशी जागा सापडते. कुठे झिलईचे पापुद्रे निघालेले दिसतील. फुटक्या पन्हळीतून पाणी भिंतीत मुरते, त्यातले क्षार झिलईमागे साठून स्फटिक होतात आणि तिला बाहेर ढकलतात. जुन्या चुन्याऐवजी सिमेंट वापरले की ओल बाहेर पडायला वाव राहत नाही आणि नुकसान वाढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पोर्तुगालच्या जुन्या बाजारांत सुट्या जुन्या टाइल्स विकायला असतात. त्यांतल्या अनेक रिकाम्या घरांच्या भिंतींवरून चोरलेल्या असतात. मागे चुन्याचा थर चिकटलेला असेल, कोपरे छिन्नीने उडालेले असतील, तर ती टाइल भिंतीवरून उपटलेली आहे एवढे नक्की. ती कोणी आणि कशी काढली हे विक्रेत्याच्या शब्दाखेरीज कळायला मार्ग नसतो. आपण दिलेल्या पैशांतूनच पुढच्या भिंतीवर छिन्नी पडते. तिथे २०१७ पासून परवानगीशिवाय दर्शनी टाइल्स काढण्यावर कायद्याने बंदी आहे. आठवण म्हणून काही हवेच असेल तर नवी, हाताने रंगवलेली टाइल घ्यावी. अशा टाइल्स पणजीतही तयार होतात.

पोर्तोतल्या सुट्या जुन्या टाइल्सची खरी जागा म्हणजे नगरपालिकेची बांकु द मातेरियाइश ही पेढी. पाडलेल्या किंवा मोडकळीला आलेल्या घरांच्या टाइल्स तिथे जपून ठेवतात. घर दुरुस्त करणाऱ्या मालकाला आपल्या नक्षीशी जुळणारी टाइल तिथून मिळू शकते. कार्मु चर्चपासून ती चालत काही मिनिटांवर आहे.

आपला,
एक वाचक, पणजी