टप उघडायची गाडी घेण्याआधी

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज काल गॅरेज बंद करताना ऐकला, मग घरी येऊन परत ऐकला. मँचेस्टरात टप उघडायची गाडी म्हटल्यावर आई आधी पावसाचंच बोलली, मला मात्र लई बरं वाटलं, तू स्वतःच्या पैशाने आवडीची दोन सीटची गाडी घेतीयस.

होंडा एस२००० चं इंजिन भारी आहे गं, २ लिटरमध्ये २४० च्या आसपास हॉर्सपॉवर आणि ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ९००० फेरे) फिरतं, पण खरी ताकद ६००० च्या पुढं येते, रोज ऑफिसला जाताना तेवढं पिळणार कुठं? टोयोटा एमआर२ चं इंजिन सीटच्या मागं, वळायला एकदम चपळ, पण सामानाला जागा म्हणजे सीटमागं जरा फट आहे तेवढीच, आणि ओल्या रस्त्यावर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडलास तर मागचा भाग फिरू शकतो. एमजीएफ बघूच नको, ती हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जाण्यासाठीच जास्त ओळखली जाते.

माझं मन माझदा एमएक्स-५ वर आहे. १९८९ ला आली तेव्हा साधं १.६ चं इंजिन, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन पुढं, ताकद मागच्या चाकांना आणि वजन पुढंमागं जवळपास निम्मं निम्मं. यवतेश्वरचा घाट आठव, तू स्कूटरवर पुढं उभी असायचीस आणि वळण आलं की माझ्याबरोबर कलायचीस. तसल्या रस्त्याला २४० हॉर्सपॉवर वापरायला जागाच नाही, हलकी गाडी असली की ४० च्या स्पीडला पण स्टेअरिंग हातात बोलतं.

पण गंज. कापडी टपाच्या मागं दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायची भोकं असतात, त्यात पाला अडकला की पाणी दाराखालच्या सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून सडत जातो, बाहेरून रंग चकचकीत. तिकडं थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ते वेगळंच. मी लग्नानंतर पहिली सेकंडहँड गाडी रंग बघून घेतली होती, आईच्या पाटल्यांचे पैसे त्यात गेले आणि पहिल्याच पावसाळ्यात पायाखालचा पत्रा निघून आला. ते अजून मनातनं जात नाही, म्हणून एवढं लिहितोय.

शनिवारी गाडी बघायला जाशील तेव्हा एक चुंबक घेऊन जा, फडक्यात गुंडाळून सिलवर फिरव, जिथं धरणार नाही तिथं पुट्टी भरलीय. मग त्या भोकांत बाटलीभर पाणी ओत, मागच्या चाकाच्या पुढं खाली धार पडली पाहिजे, नाही पडली तर पैसे काढू नको. आणि मला व्हिडिओ कॉल कर, मोबाईल गाडीखाली धर, इथं रात्रीचे कितीही वाजलेले असू देत मी जागा असेन.

तुझे बाबा