सौर पंपाच्या मोटारीचं हाय फ्रिक्वेन्सी गणित कोण बघणार?

मा. संपादक,

सौर कृषिपंपावर पेपरात बरंच येतं, पॅनल किती, शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के की 5, पंप कधी बसणार वगैरे, पण मोटारीच्या आत काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी रिवाइंडिंगच्या धंद्यातला माणूस. कंट्रोलरवर (पॅनलच्या डीसीचं मोटारीसाठी एसी करणारा डबा) चाललेली जळकी मोटार खोलली की बऱ्याचदा बाकीचं वाइंडिंग ठणठणीत असतं, आणि लीडजवळच्या, म्हणजे जिथून वीज आत येते तिथल्या पहिल्याच कॉईलचे चार-दोन वेढे इन्शुलेशन जाऊन काळे पडलेले. ओव्हरलोडनं गेलेली मोटार अशी दिसत नाही हो, तिचं वाइंडिंग सरसकट भाजलेलं असतं. तरी शेतकऱ्याला ऐकवतात, तुम्हीच पाणी नसताना कोरडी चालवली असणार. कोरडी चालून, वाळू जाऊनही मोटारी जळतात हे खरं, पण प्रत्येक वेळी तेच कारण कसं असेल?

साध्या 50 हर्ट्झच्या लाइनवर व्होल्टेज सगळ्या वेढ्यांत सारखं वाटलं जातं, वेढ्यामागं एखाद-दोन व्होल्ट. कंट्रोलर मात्र डीसीचे पाच-सहाशे व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज साधारण 0.1 मायक्रोसेकंदात चढतं. केबलमध्ये ही लाट मायक्रोसेकंदाला अंदाजे 150 मीटर धावते, त्यामुळे दहा-पंधरा मीटरची केबलसुद्धा तिला लांबच, आणि आपल्या बोअरला शंभर मीटर केबल तर सर्रास असते. खाली मोटारीवर आपटून ती परत फिरते आणि टर्मिनलवर व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं, सहाशेचे बाराशे. त्या क्षणी वाइंडिंग नुसती कॉईल राहत नाही, वेढ्या-वेढ्यातली आणि वेढा ते लोखंडी कोअरमधली कपॅसिटन्स (वीज साठवायचा गुण) कामाला लागते आणि बराचसा झटका पहिल्या काही वेढ्यांवरच बसतो. त्यात सबमर्सिबलचं वाइंडिंग पाण्यात बुडालेलं, पाण्याचा डायइलेक्ट्रिक काँस्टंट (ही कपॅसिटन्स किती पट वाढते तो आकडा) 80 च्या आसपास आणि वायरवरच्या पॉलिप्रॉपिलीनचा 2.2, म्हणजे कोरड्या वाइंडिंगच्या मोटारीचा हिशोब इथं जसाच्या तसा लावून चालायचं नाही.

हे सगळं आधी काढता येतं. इम्पिडन्स अॅनालायझरनं (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वाइंडिंग किती अडवतं ते मोजणारं यंत्र) वाइंडिंग काही हर्ट्झपासून मेगाहर्ट्झपर्यंत मोजायचं, प्रत्येक वेढ्याचे आर, एल, सी (रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कपॅसिटन्स) धरून मॉडेल करायचं, त्याला केबलचं मॉडेल जोडायचं आणि कुठल्या वेढ्यावर किती ताण येतो ते बघायचं. इंडस्ट्रियल मोटारींसाठी आयईसी 60034-18-41 हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहेच की, इन्व्हर्टरवरच्या, म्हणजे अशाच कंट्रोलरवरच्या मोटारीचं इन्शुलेशन कसं तपासायचं ते त्यात दिलंय. मग शेतकऱ्याच्या 5 एचपीलाच एवढी काटकसर का? आपल्याकडं मेगर (इन्शुलेशन मोजायचं मीटर) लावला, मेगोहम चांगले आले की मोटार पास, पण मेगर वाइंडिंग आणि अर्थिंगमधलं इन्शुलेशन दाखवतो, वेढ्या-वेढ्यातलं नाही, त्याला सर्ज टेस्टच लागते, म्हणजे जास्त व्होल्टेजचा क्षणिक झटका देऊन बघावं लागतं.

सरकारच्या सौर पंप योजनेत 5 वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडं आहे, मोटार बदलूनही मिळते, पण ऐन उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस पाणी बंद राहिलं तर त्या पिकाचं काय? म्हणून महावितरणला एवढीच विनंती, टेंडरमध्ये कंट्रोलर, केबल आणि मोटार एकत्र तपासलेली मागा, सर्ज टेस्टचा रिपोर्ट घ्या, जास्तीत जास्त किती मीटर केबल चालेल ते कंट्रोलरवर छापायला लावा, आणि बोअर त्याहून खोल असेल तर आउटपुटला हे झटके सौम्य करणारा फिल्टर बसवून द्या, त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

– एक मोटार रिवाइंडर, मिरज